अमेरिकेतील शालेय खेळाडूंचे खासगी शाळा व क्लबांकडे स्थलांतर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांमध्ये सार्वजनिक हायस्कुलांत शिकणारे, किंवा राहत्या पत्त्यानुसार तेथे जाणे अपेक्षित असलेले, अनेक गुणवान खेळाडू खासगी शाळा, निवासी क्रीडा अकादमी आणि क्लब संघांकडे वळतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हा तेथील शालेय क्रीडाक्षेत्रातील एक प्रमुख वादविषय आहे. बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉल, सॉकर व व्हॉलीबॉल या खेळांत हे स्थलांतर विशेष दिसून येते.

वादाचे मूळ शाळांच्या हद्दीत आहे. सार्वजनिक शाळेचा संघ सामान्यतः तिच्या ठरलेल्या प्रवेशक्षेत्रातील मुलांमधून तयार होतो. खासगी शाळा व क्लब यांना अशी हद्द नसते. तरीही अनेक राज्यांत सार्वजनिक व खासगी शाळा एकाच राज्य अजिंक्यपदासाठी खेळतात. शाळा निवडण्याचे पालकांचे स्वातंत्र्य, स्पर्धेतील समान संधी आणि मागे राहणाऱ्या सार्वजनिक शाळेचे हित यांचा मेळ घालण्यासाठी राज्यांनी भरतीबंदी, शाळाबदलाचे नियम, पटसंख्येचा गुणक व स्वतंत्र स्पर्धा असे वेगवेगळे उपाय योजले आहेत. यासंबंधीचा एक खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे दोन वेळा गेला.

संज्ञा व व्याप्ती

अमेरिकेत ‘सार्वजनिक शाळा’ म्हणजे कररूपाने जमा होणाऱ्या निधीवर चालणारी, विनाशुल्क शिक्षण देणारी शासकीय शाळा. ब्रिटनमध्ये ‘पब्लिक स्कूल’ हा शब्द जुन्या, महागड्या खासगी शाळांसाठी वापरला जातो. त्या अर्थाशी या संज्ञेचा संबंध नाही. ‘हायस्कूल’ म्हणजे सर्वसाधारणपणे नववी ते बारावी या चार इयत्ता. खासगी शाळांमध्ये कॅथलिक व इतर धार्मिक संस्थांच्या शाळा, धर्मनिरपेक्ष स्वतंत्र शाळा आणि निवासी शाळा मोडतात. देशातील शालेय विद्यार्थ्यांपैकी साधारण दहा टक्के खासगी शाळांत शिकतात. राज्य अजिंक्यपदे मिळवणाऱ्यांमध्ये मात्र काही राज्यांत व काही खेळांत त्यांचा वाटा या प्रमाणापेक्षा बराच मोठा असतो आणि वादाची सुरुवात बहुधा येथूनच होते.

क्लब संघ शाळेशी संलग्न नसतात. पालकांनी भरलेले शुल्क, पुरस्कर्ते किंवा व्यावसायिक संघ यांच्या पाठबळावर ते चालतात. त्यांचा हंगाम अनेकदा वर्षभर असतो आणि सामने शहराबाहेर किंवा राज्याबाहेरही होतात.

पार्श्वभूमी

सार्वजनिक शाळांचा कारभार ‘शाळा जिल्हा’ या स्थानिक घटकाकडे असतो. त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो आणि कोणत्या भागातील मुलाने कोणत्या शाळेत जावे, हे तोच ठरवतो. त्यामुळे शाळेचा संघ हा त्या गावाचा किंवा वस्तीचा संघ मानला जातो. शुक्रवारी रात्री होणारा फुटबॉल सामना हा अनेक लहान गावांत आठवड्यातील सर्वांत मोठा सार्वजनिक कार्यक्रम असतो.

खासगी शाळांच्या अस्तित्वाला १९२५ मध्ये ‘पिअर्स विरुद्ध सोसायटी ऑफ सिस्टर्स’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण दिले. मुलांना सार्वजनिक शाळेतच पाठवण्याची सक्ती करणारा ओरेगन राज्याचा कायदा न्यायालयाने रद्द ठरवला. खासगी शाळा निवडण्याचा पालकांचा हक्क तेव्हापासून निर्विवाद आहे. पुढील वाद त्या निवडीनंतर मुलाने कोणत्या अटींवर स्पर्धेत उतरावे याविषयीचा आहे.

शालेय स्पर्धांचे नियमन प्रत्येक राज्यातील क्रीडा संघटना करते. या संघटनांची शिखर संस्था ‘नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्स’ १९२० मध्ये स्थापन झाली. तिचे मुख्यालय इंडियानापोलिस येथे आहे. देशभरात हायस्कूल खेळांतील सहभाग ८० लाखांहून अधिक आहे. पात्रतेचे नियम राज्य संघटना स्वतः करतात. त्यामुळे एका राज्यात वैध असलेला शाळाबदल दुसऱ्या राज्यात खेळाडूला वर्षभर मैदानाबाहेर बसवू शकतो.

खासगी शाळांचे स्थानही राज्याराज्यांत वेगळे आहे. टेक्सासमध्ये १९१० मध्ये स्थापन झालेली ‘युनिव्हर्सिटी इंटरस्कोलास्टिक लीग’ मुख्यतः सार्वजनिक शाळांची आहे. तेथील खासगी शाळांची वेगळी संघटना आहे. मात्र डॅलस व ह्यूस्टन येथील दोन जेझुइट शाळांना २००३ पासून सार्वजनिक शाळांच्या संघटनेत खेळता येते. व्हर्जिनिया व मेरिलँडमध्येही सार्वजनिक शाळांच्या संघटना वेगळ्या आहेत. याउलट पेनसिल्व्हेनियात १९७२ च्या एका कायद्याने खासगी शाळांना राज्य संघटनेचे सदस्यत्व खुले केले. त्या कायद्याच्या चौकटीत दोन्ही प्रकारच्या शाळांच्या अंतिम स्पर्धा वेगळ्या करता येतील का, हा तेथे दीर्घकाळ चाललेला वाद आहे.

स्थलांतराची कारणे व पद्धती

खेळाडू व पालक यांच्या निर्णयामागे अनेक कारणे असतात. त्यांपैकी सर्वांत प्रबळ कारण महाविद्यालयीन क्रीडा शिष्यवृत्तीचे आहे. अमेरिकेत महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च मोठा असल्याने पूर्ण शिष्यवृत्ती हे अनेक कुटुंबांच्या दृष्टीने खेळातील यशाचे सर्वांत ठोस फळ असते. ज्या शाळेचे किंवा क्लबचे सामने पाहण्यास महाविद्यालयांचे प्रशिक्षक येतात, तेथे खेळल्यास मुलगा नजरेत भरण्याची शक्यता वाढते. याखेरीज अनुभवी प्रशिक्षक, चांगली मैदाने, बलाढ्य प्रतिस्पर्धी, तसेच शहरी भागांत सार्वजनिक शाळेपेक्षा अधिक सुरक्षित वातावरण व चांगले शिक्षण यांचेही आकर्षण असते. शिक्षण व खेळ ही कारणे प्रत्यक्षात एकमेकांत मिसळलेली असल्याने शाळाबदल कशासाठी झाला, हे सिद्ध करणे संघटनांना अवघड जाते.

भरती क्वचितच उघडपणे होते. आठवीपर्यंतच्या स्पर्धांना खासगी शाळेच्या प्रशिक्षकांनी हजर राहणे, शाळेच्या मैदानावर उन्हाळी शिबिरे भरवणे, माजी विद्यार्थ्यांनी एखाद्या कुटुंबाला शाळा दाखवायला नेणे, क्लबच्या प्रशिक्षकाने विशिष्ट शाळेची शिफारस करणे, असे त्याचे नेहमीचे मार्ग आहेत. शुल्कात सवलत हा यातील नाजूक भाग असतो. बहुतेक राज्यांत खेळातील कौशल्यावर आधारित आर्थिक मदत देण्यास मनाई असून ती कुटुंबाच्या गरजेनुसारच द्यावी लागते. तथापि गरजू मुलांपैकी कोणाला निवडावे, हा निर्णय शाळेच्याच हाती राहतो.

काही पालक मुलाला आठवीत किंवा नववीत एक वर्ष पुन्हा बसवतात. त्यामुळे तो स्पर्धकांपेक्षा वयाने व शरीराने मोठा होतो आणि त्याला खेळात प्रगतीसाठी जास्त वेळ मिळतो. खासगी शाळांत प्रवेश घेताना असे करणे तुलनेने सोपे असते.

उल्लेखनीय उदाहरणे

पॉवर मेमोरियल अकादमी: न्यूयॉर्कमधील या कॅथलिक शाळेकडून १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात ल्यू अल्सिंडर, म्हणजेच पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने प्रसिद्ध झालेला बास्केटबॉलपटू, खेळला. सलग ७१ सामने जिंकणारा हा संघ जानेवारी १९६५ मध्ये मेरिलँडमधील डीमॅथा या दुसऱ्या कॅथलिक शाळेकडून ४६–४३ असा पराभूत झाला. या सामन्याने हायस्कूल बास्केटबॉलकडे देशाचे लक्ष वेधले. मोठ्या शहरांतील कॅथलिक शाळा संपूर्ण शहरातून विद्यार्थी घेत असल्याने त्यांना उपलब्ध असलेल्या खेळाडूंची संख्या एका वस्तीच्या शाळेपेक्षा कितीतरी जास्त होती.

‘हूप ड्रीम्स’: १९९४ च्या या माहितीपटात विल्यम गेट्स व आर्थर एजी या शिकागोतील दोन मुलांची हायस्कूलची वर्षे चित्रित झाली आहेत. बास्केटबॉलमधील गुणांमुळे दोघांनाही उपनगरातील सेंट जोसेफ या कॅथलिक शाळेत प्रवेश मिळाला. शाळेत जाण्यासाठी त्यांना दररोज लांबचा प्रवास करावा लागे. गेट्सच्या शुल्काची सोय झाली. एजीचा खेळ अपेक्षेइतका बहरला नाही व शुल्क थकल्याने त्याला शाळा सोडावी लागली. तो आपल्या वस्तीतील मार्शल या सार्वजनिक शाळेत परतला. पुढे १९९१ मध्ये मार्शलच्या संघाने राज्य स्पर्धेत तिसरे स्थान मिळवले आणि त्यात एजीचा मोठा वाटा होता. खेळासाठी शाळा बदलणाऱ्या मुलाची जोखीम आणि त्याला परत सामावून घेणारी सार्वजनिक शाळा या दोन्ही गोष्टींचे उदाहरण म्हणून हा माहितीपट सतत उद्धृत केला जातो.

लेब्रॉन जेम्स: ओहायोतील ॲक्रन शहरातल्या ‘शूटिंग स्टार्स’ या क्लब संघात लेब्रॉन जेम्स व त्याचे मित्र लहानपणापासून एकत्र खेळत. ते शहरातील बक्टेल या सार्वजनिक शाळेत जातील, अशी सर्वसाधारण अपेक्षा होती. परंतु १९९९ मध्ये त्यांनी मिळून सेंट व्हिन्सेंट–सेंट मेरी या कॅथलिक शाळेत प्रवेश घेतला. त्यांच्यापैकी उंचीने कमी असलेल्या एका मित्राला बक्टेलच्या मुख्य संघात संधी मिळणार नाही, अशी शंका हे त्यामागचे एक कारण होते. बक्टेल ही ॲक्रनच्या कृष्णवर्णीय समाजाची शाळा मानली जात असल्याने या निर्णयावर तेथे तीव्र नाराजी व्यक्त झाली. सेंट व्हिन्सेंट–सेंट मेरीने २०००, २००१ व २००३ मध्ये राज्य अजिंक्यपद पटकावले. येथे क्लब संघ घडला आणि तो जवळजवळ जसाच्या तसा एका खासगी शाळेचा संघ झाला.

सेंट अँथनी हायस्कूल: न्यू जर्सीतील जर्सी सिटी येथील या लहानशा कॅथलिक शाळेने बॉब हर्ली यांच्या मार्गदर्शनाखाली बास्केटबॉलमध्ये २८ राज्य अजिंक्यपदे मिळवली. शाळेकडे फारशी साधने नव्हती आणि विद्यार्थी बहुतांशी गरीब कुटुंबांतील होते. पैशांअभावी ती २०१७ मध्ये बंद पडली. खासगी शाळा म्हणजे श्रीमंत शाळा हे समीकरण नेहमीच खरे नसते, हे सांगताना या शाळेचा दाखला दिला जातो.

कॅलिफोर्नियातील फुटबॉल: काँकर्ड येथील डी ला साल या कॅथलिक शाळेने १९९२ ते २००४ या काळात सलग १५१ सामने जिंकले. दक्षिण कॅलिफोर्नियात मॅटर डे व सेंट जॉन बॉस्को या कॅथलिक शाळांचे वर्चस्व आहे. २०१६ ते २०२४ या काळात दक्षिण विभागाच्या पहिल्या श्रेणीची सर्व अजिंक्यपदे या दोघींकडेच गेली. त्या काळात इतक्या लोकसंख्येच्या प्रदेशातील एकाही सार्वजनिक शाळेला हे विजेतेपद मिळवता आले नाही.

कूपर फ्लॅग: मेन राज्यातील न्यूपोर्ट या छोट्या गावच्या नोकोमिस या सार्वजनिक शाळेने २०२२ मध्ये बास्केटबॉलचे आपले पहिले राज्य अजिंक्यपद मिळवले. त्या संघात नववीत शिकणारा कूपर फ्लॅग व त्याचा जुळा भाऊ होते. त्याच वर्षी दोघे फ्लोरिडातील माँटव्हर्ड अकादमी या खासगी शाळेत दाखल झाले. फ्लॅग २०२५ मध्ये एनबीएच्या खेळाडू निवडीत पहिल्या क्रमांकाने निवडला गेला. शाळेच्या इतिहासातील सर्वोत्तम संघ एकाच हंगामानंतर विखुरला जाणे आणि खेळाडूने पुढे सर्वोच्च यश मिळवणे, या दोन्ही बाजू या उदाहरणात एकत्र दिसतात.

निवासी क्रीडा अकादमी

काही निवासी शाळांत खेळ हेच मुख्य आकर्षण असते. व्हर्जिनियातील ओक हिल अकादमी या बाप्टिस्ट निवासी शाळेत कार्मेलो अँथनी व केविन ड्युरँट यांसारखे खेळाडू हायस्कूलच्या काळात शिकले. फ्लोरिडातील ब्रॅडेंटन येथील आयएमजी अकादमीची सुरुवात १९७८ मध्ये निक बॉलेटिएरी यांच्या टेनिस अकादमीच्या रूपाने झाली. १९८७ मध्ये आयएमजी या क्रीडा व्यवस्थापन कंपनीने ती विकत घेतली आणि कालांतराने तेथे अनेक खेळ सुरू झाले. अशा शाळा राज्य अजिंक्यपदाऐवजी देशभरातील बलाढ्य संघांशी खेळण्यावर भर देतात व त्यांचे सामने राष्ट्रीय दूरचित्रवाहिन्यांवर दाखवले जातात.

या क्षेत्रातील देखरेखीच्या अभावाकडे २०२१ मधील ‘बिशप सिकॅमोर’ प्रकरणाने लक्ष वेधले. ओहायोतील कोलंबस येथील शाळा म्हणवणाऱ्या या संस्थेचा संघ आयएमजी अकादमीविरुद्धच्या दूरचित्रवाणीवरील सामन्यात ५८–० असा हरला. त्यानंतर ही शाळा खरोखर अस्तित्वात आहे का, असा प्रश्न उपस्थित झाला. राज्याच्या शिक्षण विभागाने चौकशीअंती ती बनाव असल्याचा निष्कर्ष काढला. महाविद्यालयात प्रवेश मिळेल या आशेने आलेल्या तरुणांचे शैक्षणिक नुकसान झाले.

क्लब संघांची वाढ

‘ॲमॅच्युअर ॲथलेटिक युनियन’ अर्थात एएयू ही संस्था १८८८ मध्ये स्थापन झाली. ऑलिंपिक खेळांच्या व्यवस्थापनातील तिची भूमिका १९७८ च्या हौशी क्रीडा कायद्याने संपुष्टात आली आणि ती युवा खेळांकडे वळली. पुढे उन्हाळी बास्केटबॉल हे ‘एएयू बास्केटबॉल’ या नावानेच ओळखले जाऊ लागले. बूट बनवणाऱ्या कंपन्यांनी क्लब संघांना पुरस्कृत केले. नायकेने २०१० मध्ये स्वतःची क्लब मालिका सुरू केली आणि इतर कंपन्यांच्याही अशा मालिका आहेत. एका मैदान संकुलात दोन-तीन दिवसांत शेकडो खेळाडू पाहता येत असल्याने महाविद्यालयीन प्रशिक्षकांना हे सामने सोयीचे वाटतात. परिणामी भरतीच्या साखळीत हायस्कूल प्रशिक्षकाचे महत्त्व कमी झाले.

सॉकरमध्ये संघर्ष अधिक उघड होता. अमेरिकेच्या सॉकर महासंघाने २००७ मध्ये ‘डेव्हलपमेंट अकादमी’ ही मुलांची क्लब स्पर्धा सुरू केली. २०१२ पासून तिचा हंगाम दहा महिन्यांचा करण्यात आला आणि तीत खेळणाऱ्यांना शाळेच्या संघाकडून खेळण्यास मनाई झाली. दर्जेदार प्रशिक्षण व अधिक सराव हे त्यामागचे कारण सांगण्यात आले. शाळेच्या संघात खेळण्याच्या अटीवर खासगी शाळेत आर्थिक मदत मिळालेल्या काही मुलांना सूट दिली जाई. सार्वजनिक शाळेतील मुलाला मात्र क्लब व शाळा यांपैकी एकाचीच निवड करावी लागे. कोविड-१९ च्या साथीच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, ही अकादमी बंद झाली. त्याच वर्षी मेजर लीग सॉकरने ‘एमएलएस नेक्स्ट’ ही स्पर्धा सुरू केली आणि क्लब सॉकरचे वर्चस्व कायम राहिले.

व्हॉलीबॉल, बेसबॉल, सॉफ्टबॉल व जलतरण या खेळांत बहुतेक खेळाडू शाळा व क्लब या दोन्हींकडून खेळतात. क्लबचे वार्षिक शुल्क व प्रवासखर्च मिळून हजारो डॉलर होऊ शकतात. शाळेचा खेळ मात्र विनाशुल्क किंवा अल्प शुल्कात उपलब्ध असतो. क्लबमध्ये तयार झालेली मुलेच शाळेच्या संघात निवडली जाऊ लागली, की क्लबचा खर्च न परवडणाऱ्या मुलांना शाळेच्या संघातही जागा मिळणे कठीण होते.

नियमन

भरतीबंदी व शाळाबदलाचे नियम

जवळजवळ सर्व राज्य संघटना खेळासाठी विद्यार्थ्यावर ‘अवाजवी प्रभाव’ टाकण्यास मनाई करतात. शाळा बदलणाऱ्या खेळाडूचे कुटुंब प्रत्यक्ष नव्या हद्दीत राहायला गेले असेल, तर तो सहसा लगेच पात्र ठरतो. अन्यथा त्याला हंगामाचा काही भाग किंवा पूर्ण वर्ष बाहेर बसावे लागते. नववीत प्रथम प्रवेश घेताना मात्र बहुतेक राज्यांत कोणतीही शाळा निवडण्याची मोकळीक असते. त्यामुळे खरी चढाओढ आठवीच्या मुलांसाठी चालते.

ब्रेंटवुड अकादमी खटला

टेनेसीतील नॅशव्हिलजवळच्या ब्रेंटवुड अकादमी या खासगी शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाने १९९७ मध्ये आठवीतील काही मुलांना पत्र पाठवून वसंत ऋतूतील सरावाचे आमंत्रण दिले. या मुलांनी शाळेत प्रवेशाचा करार केला होता, परंतु अद्याप शिक्षण सुरू केले नव्हते. पत्राखाली ‘तुमचा प्रशिक्षक’ अशा आशयाची सही होती. राज्य संघटनेने हा भरतीबंदीचा भंग मानला. शाळेला चार वर्षे परिवीक्षेखाली ठेवण्यात आले, तिच्या फुटबॉल व मुलांच्या बास्केटबॉल संघांना दोन वर्षे बाद फेरीतून वगळण्यात आले आणि ३,००० डॉलर दंड झाला. शाळेने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे न्यायालयात दाद मागितली.

सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ५ विरुद्ध ४ अशा बहुमताने निर्णय दिला, की संघटनेच्या सदस्यांत ८४ टक्के सार्वजनिक शाळा असून तिचा कारभार शासनाशी घट्ट निगडित आहे. त्यामुळे तिच्या कृतीला राज्यघटनेची बंधने लागू होतात. २००७ मध्ये प्रकरण पुन्हा न्यायालयापुढे आले तेव्हा निकाल संघटनेच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिलेल्या या निकालानुसार, शाळेने संघटनेत स्वेच्छेने प्रवेश केला असल्याने प्रशिक्षकांनी लहान विद्यार्थ्यांशी संपर्क साधण्यावर संघटना मर्यादा घालू शकते. आग्रही भरतीमुळे मुलांचे शोषण होऊ शकते, स्पर्धेचा समतोल बिघडू शकतो आणि अभ्यासापेक्षा खेळाला अधिक महत्त्व येऊ शकते, ही कारणे न्यायालयाने ग्राह्य धरली.

समतोलाचे उपाय

स्पर्धेचे गट सामान्यतः शाळेच्या पटसंख्येनुसार पाडले जातात. दूरवरून खेळाडू मिळवू शकणारी ५०० विद्यार्थ्यांची खासगी शाळा आणि एका गावापुरती मर्यादित असलेली तितक्याच पटसंख्येची सार्वजनिक शाळा एकाच गटात येत असल्याने पुढील उपाय योजण्यात आले.

स्वतंत्र स्पर्धा: टेक्सास, व्हर्जिनिया व मेरिलँडमध्ये संघटनाच वेगळ्या आहेत. न्यू जर्सीत संघटना एक असली तरी बिगर-सार्वजनिक शाळांचे स्वतंत्र गट आहेत. टेनेसीत १९९० च्या दशकाच्या अखेरीस आर्थिक मदत देणाऱ्या खासगी शाळांसाठी वेगळा विभाग करण्यात आला.

पटसंख्येचा गुणक: खासगी शाळेची पटसंख्या ठरावीक अंकाने गुणून तिला मोठ्या शाळांच्या गटात ढकलले जाते. अलाबामाने १.३५ हा गुणक स्वीकारला. इलिनॉयने २००५ मध्ये प्रवेशक्षेत्राची हद्द नसलेल्या शाळांसाठी १.६५ हा गुणक आणला. म्हणजे १,००० विद्यार्थ्यांची शाळा गटवारीत १,६५० विद्यार्थ्यांची मानली जाते. एकच गुणक दुबळ्या व बलाढ्य अशा सर्व खासगी शाळांना सारखाच लागू होतो, ही त्यावरील मुख्य टीका आहे.

यशावर आधारित बढती: इंडियानाने २०१२ मध्ये सार्वजनिक-खासगी हा भेद न करता यशाच्या गुणांची पद्धत स्वीकारली. दोन वर्षांत ठरावीक गुण मिळवणाऱ्या संघाला त्या खेळापुरते वरच्या गटात खेळावे लागते. पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये फुटबॉल व बास्केटबॉलसाठी आणलेल्या सूत्रात संघाचे यश आणि शाळा बदलून आलेल्या खेळाडूंची संख्या या दोन्ही गोष्टी विचारात घेतल्या जातात.

संघाच्या रचनेवर आधारित पद्धत: ओहायोत स्वतंत्र स्पर्धांचे प्रस्ताव १९७८ व १९९३ मध्ये सदस्य शाळांनी फेटाळले. २०११, २०१२ व २०१३ मध्ये समतोलाचे इतर प्रस्तावही अपयशी ठरले. अखेर २०१४ मध्ये एक प्रस्ताव संमत होऊन २०१७–१८ पासून अमलात आला. त्यानुसार प्रत्येक संघातील किती खेळाडू शाळेच्या नेहमीच्या क्षेत्राबाहेरून आले आहेत हे मोजून त्या संघाची पटसंख्या वाढवली जाते. ही पद्धत सार्वजनिक शाळांनाही लागू आहे.

सार्वजनिक शाळांमधील स्थलांतर

खेळाडू ओढून घेण्याचा आरोप केवळ खासगी शाळांवर होत नाही. अनेक राज्यांत विद्यार्थ्यांना आपल्या जिल्ह्याबाहेरील सार्वजनिक शाळेत प्रवेश घेता येतो. फ्लोरिडाने २०१६ मध्ये केलेल्या कायद्याने कोणत्याही जागा असलेल्या सार्वजनिक शाळेत प्रवेशाची मुभा दिली आणि अशा विद्यार्थ्यांना लगेच खेळण्याची पात्रताही दिली. डी ला सालची विजयमालिका २००४ मध्ये खंडित करणारी वॉशिंग्टन राज्यातील बेलव्ह्यू ही शाळा सार्वजनिक होती. २०१६ मध्ये तिच्या फुटबॉल उपक्रमाची चौकशी होऊन तिच्यावर बाद फेरीत खेळण्याची बंदी घालण्यात आली. सधन उपनगरातील सार्वजनिक शाळा व शहराच्या गरीब भागातील सार्वजनिक शाळा यांच्या साधनांतील तफावत ही सार्वजनिक-खासगी तफावतीइतकीच मोठी असू शकते, असे गुणक पद्धतीचे टीकाकार म्हणतात.

परिणाम

एखाद-दुसरा उत्तम खेळाडू गेल्याने सार्वजनिक शाळेचा संघ केवळ दुबळा होतो. अनेक खेळाडू गेले तर राखीव किंवा कनिष्ठ संघ उभा करणे कठीण होते. लहान शाळांना शेजारच्या शाळेबरोबर संयुक्त संघ करावा लागतो, तर काही वेळा संघच बंद करावा लागतो. सामन्यांच्या तिकिटांतून व पालक-समर्थक मंडळांच्या देणग्यांतून मिळणारे उत्पन्न घटल्याचा फटका इतर खेळांनाही बसतो. ज्यांना खेळात पुढे जायचे नाही, परंतु शाळेकडून खेळायचे आहे, अशा बहुसंख्य मुलांचे नुकसान यात सर्वाधिक होते. कारण त्यांच्यासाठी दुसरा संघ शोधणे हा पर्याय नसतो.

खेळाडूच्या दृष्टीने स्थलांतराचे फायदे स्पष्ट असतात. त्यासोबत लांबचा प्रवास, शुल्काचा बोजा, मित्र व कुटुंबापासून दुरावा आणि दुखापत झाल्यास किंवा खेळ मंदावल्यास मदत थांबण्याची भीती या अडचणीही येतात. वर्षभर एकच खेळ खेळल्याने अतिवापरामुळे होणाऱ्या दुखापतींचा धोका वाढतो, याकडे क्रीडावैद्यक तज्ज्ञांनी लक्ष वेधले आहे.

युक्तिवाद

नियंत्रणाच्या समर्थकांच्या मते हायस्कूल खेळ हा शिक्षणाचा भाग आहे. तेथे स्पर्धा समान पायावर व्हावी आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलांवर बाजारातील मागणीचा दबाव येऊ नये. सार्वजनिक शाळेला येईल त्या प्रत्येक मुलाला सामावून घ्यावे लागते, तर खासगी शाळा निवडीने प्रवेश देते. त्यामुळे समान पटसंख्या म्हणजे समान स्थिती नव्हे, असे ते सांगतात.

विरोधकांचे म्हणणे असे, की संगीत किंवा विज्ञान यांसाठी शाळा बदलणाऱ्या मुलाला कोणी अडवत नाही, मग खेळाडूलाच का अडवावे? हद्दीचे बंधन श्रीमंतांना घर बदलून ओलांडता येते. गरीब मुलाला शुल्कमाफी देणारी खासगी शाळा हाच बाहेर पडण्याचा मार्ग असतो आणि शाळाबदलाचे कडक नियम त्यालाच सर्वाधिक जाचतात. बहुसंख्य खासगी शाळा अजिंक्यपदाच्या जवळपासही नसतात; मोजक्या शाळांच्या यशाची शिक्षा सर्वांना देणे अन्यायाचे आहे, असाही त्यांचा युक्तिवाद असतो.

अलीकडील घडामोडी

खासगी शाळेचे शुल्क भरण्यासाठी सार्वजनिक निधी देणाऱ्या योजनांचा विस्तार हा या विषयावर परिणाम करणारा महत्त्वाचा बदल आहे. ॲरिझोनाने २०२२ मध्ये, तर फ्लोरिडा व ओहायोने २०२३ मध्ये अशा योजना उत्पन्नाची पूर्वीची अट काढून किंवा शिथिल करून जवळजवळ सर्व विद्यार्थ्यांसाठी खुल्या केल्या. त्यामुळे खासगी शाळेत जाण्यातील आर्थिक अडथळा कमी झाला.

जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नाव व प्रतिमेच्या वापरातून उत्पन्न मिळवता येते. त्यानंतर बहुसंख्य राज्य संघटनांनी हायस्कूल खेळाडूंनाही तशी परवानगी दिली. मात्र त्यासाठी शाळेचे नाव, चिन्ह किंवा गणवेश वापरण्यास सहसा मनाई असते. २०२१ मध्येच अटलांटा येथे सुरू झालेल्या ‘ओव्हरटाइम एलिट’ या बास्केटबॉल लीगने हायस्कूल वयाच्या खेळाडूंना वर्षाला किमान १,००,००० डॉलर वेतन देऊ केले आणि शिक्षणाची सोय लीगमध्येच केली. येथे खेळाडू एका शाळेतून दुसऱ्या शाळेत न जाता शालेय क्रीडाव्यवस्थेच्याच बाहेर पडतो. राज्य संघटनांचे भरतीबंदी व शाळाबदलाचे नियम त्यांच्या सदस्य शाळांनाच लागू असल्याने अशा लीगवर किंवा क्लबवर ते बंधनकारक नाहीत.